विस्मरणात गेलेले मराठी शब्द शोधण्याचा छंद कसा लावून घ्यावा आणि त्यातून काय मिळते?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे; दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड (१९३२ ते १९३८) जुन्या ग्रंथालयांत मिळतात. साधनांविषयी इतकेच. त्यातून काय मिळते, हे विचारलेत म्हणून एका शब्दाची हकिकत सांगतो.

सातवीत असताना सुट्टीवरच्या निबंधात मी लिहिले होते, की दुपारभर आम्ही भावंडे थारोळ्यात पाय सोडून बसत असू. गुरुजींनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली, ‘थारोळे रक्ताचे असते’ असा शेरा लिहिला आणि तो वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवला. पंचगंगेकाठच्या खेड्यातून कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलाला ‘थारोळे’ हे नाव वर्षभर चिकटले.

आजोबांच्या विहिरीवर तेव्हा मोट, म्हणजे पाणी उपसण्याची मोठी चामडी पिशवी, चालत असे. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतरत्या वाटेवरून, उतरू लागले की नाडा हा जाड दोर ताणला जाई, भरलेली मोट वर येई आणि तिची सोंड पुढे येऊन पाणी ज्या दगडी कुंडात कोसळे ते थारोळे. तेथून ते पाटाने उसाला जाई. पुढे विजेची मोटार आली, मोट माळ्यावर पडली आणि नाडा, सोल (सोंडेला बांधलेला बारीक दोर), धाव हे शब्दही तिच्यामागे गेले. थारोळे तेवढे वर्तमानपत्रांतल्या खुनाच्या बातम्यांत उरले.

वीसेक वर्षांनी करवीर नगर वाचन मंदिरात भलताच शब्द शोधताना ते कोशात दिसले. मोटेचे पाणी पडण्याची जागा, हा अर्थ तेथे छापलेला होता. आपण बरोबर होतो याचा आनंद झाला, हे नाकारत नाही. पण घरी चालत येताना लक्षात आले, की ज्याने प्रथम रक्ताला थारोळे म्हटले त्याने मोट रिकामी होताना नक्की पाहिली असणार. रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या त्या गुळगुळीत शब्दप्रयोगात आमची विहीर होती.

म्हणून स्पष्ट सांगतो: रोज एक अवघड शब्द स्टेटसला ठेवणे हा छंद नव्हे, ते मिरवणे आहे. शब्द सापडला की ती वस्तू हाताळलेल्या माणसाकडे जावे. उसाचा रस आटवण्याची काहील, तिच्याखालचे चुलवाण, गुळाचा रवा यांविषयी गुऱ्हाळावरचा गुळव्या कोशाहून अधिक सांगेल. आणि एखादा शब्द आपल्याला ठाऊक नसला तर तो चूक ठरवण्याआधी, विशेषतः हातात लाल शाई असताना, कोश उघडण्याचे कष्ट घ्यावेत.

अर्थात प्रत्येक जुना शब्द पुन्हा व्यवहारात आणावा, असा माझा हट्ट नाही. मोटच नाही तर थारोळ्याचे करायचे काय? शिवाय त्याच गुरुजींनी शिकवलेले व्याकरण मला आजवर पुरले आहे. ती वही मात्र मी जपून ठेवली आहे. निबंधाला दहापैकी साडेसहा गुण आहेत आणि समासात, थारोळ्यासमोर, उणे अर्धा.