हेड फेसिंग केलं, तरी गॅस्केट का फुटतं?

प्रश्न : माझ्याकडे १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पातळ पॅकिंग) तिसऱ्यांदा गेलं. दर वेळी बेळगावच्या उद्यमबागेतून हेड फेसिंग (तळ मशीनवर सपाट करणं) करून आणलं, गॅस्केटही चांगल्या कंपनीचं घातलं. आधीच्या मालकाने ब्लॉकला स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणाऱ्या धातूच्या नळ्या) बसवून घेतलेत. गावात फिरवताना त्रास नाही, पण गोव्याहून चोर्ला घाट चढून आलं की चार दिवसांत रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात आणि गाडी मिसिंग करते. ब्लॉकच बदलावा का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ब्लॉक बदलायची घाई करू नका, पण नवं गॅस्केटही लगेच घालू नका. तुमच्या पत्रात हेडचं काम तीनदा आलंय. ब्लॉकचा माथा मोजल्याचा उल्लेख एकदाही नाही. आमचा पहिला संशय तिथेच आहे.

उतरवलेलं गॅस्केट टाकून दिलं नसेल तर ते उजेडात धरून बघा. दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर जळून काळा पट्टा पडला असेल, तर तिथे दाब पडत नव्हता. बोअरभोवतीच्या (सिलिंडरच्या भोकाभोवतीच्या) धातूच्या रिंगवर दाबाची चमकदार खूण सगळीकडे सारखी असायला हवी. जिथे ती फिकी, तिथे मोजमाप करायचं.

ब्लॉकचा माथा घासून स्वच्छ करा. सरळ, खात्रीची पट्टी लांबीने, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. लांबीत ०.१० मिमी आणि आडव्या मापात ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट मिळाली तर ब्लॉकलाही फेसिंग लागेल. मग प्रत्येक स्लीव्हची कड चार ठिकाणी तपासा. स्लीव्ह नीट टेकवून न बसवल्यास गरम-गार होताना खाली सरकतो. तो माथ्यापेक्षा ०.०५ मिमी जरी खाली गेला, तरी गॅस्केटच्या रिंगला तिथे चिमटा बसत नाही आणि हेड कितीही सपाट केलं तरी जळका वायू वाट काढतोच. स्लीव्ह खाली असेल तर इंजिन पूर्ण उघडून तो पुन्हा टेकवून बसवावा आणि स्लीव्हसकट माथा मशीनवर एका पातळीत घ्यावा. ब्लॉक गाडीतच ठेवून हातदगडाने घासू देऊ नका.

गॅस्केट स्वच्छ केलेल्या ब्लॉकवर ठेवून बोअरमध्ये डोकवा. बोअर मोठं केलेलं असेल तर रिंगची कड आत डोकावते, लाल होते आणि तिथूनच जळते.

घाटातच का फुटतं, याचंही कारण आहे. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ४०० मिमी लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं, तर दोघांत सुमारे ०.३ मिमीचा फरक पडतो, आणि तेवढं हेड गॅस्केटवर सरकतं. ताण सगळीकडे सारखा असेल तर गॅस्केट हे सोसतं. एखादा स्टड (हेड आवळणारा आट्यांचा खिळा) सैल असेल तर नाही.

म्हणून स्टडकडे नीट बघा. ताणलेल्या स्टडचे आटे एका ठिकाणी लांबलेले दिसतात आणि नट हाताने फिरवताना तिथे अडतो. असा स्टड बदलाच. ब्लॉकमध्ये स्टडच्या भोकाभोवती कड वर उचलली गेली असेल तर ती हलकी उतरवा. भोकात तेल-पाणी राहू देऊ नका. टॉर्क पाना खोटं माप दाखवतो, कधी ब्लॉकला चीरही जाते. वाकलेले वॉशर फेकून द्या. नट मॅन्युअलच्या क्रमाने, मधून बाहेर जात, तीन टप्प्यांत आवळा: ठरलेल्या मापाचा एक तृतीयांश, दोन तृतीयांश, मग पूर्ण. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटवर इंजिन एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा, एकेक नट पाव फेरा सैल करून त्याच मापाने आवळावा. त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा लावायचे, हे बरेच जण विसरतात. सिलिकॉन किंवा रंग फासू नका; गॅस्केट बनवणाऱ्याने सांगितलं नसेल तर ते कोरडंच बसतं.

आता तीनदा केलेल्या फेसिंगचा हिशोब. ६८ बाय ७५ मिमीचा एक सिलिंडर २७२ घन सेंटिमीटर (घसेंमी) हवा ओढतो. कॉम्प्रेशनचं प्रमाण मुळात ७.५ असेल आणि हेडवरून १ मिमी निघाला असेल, तर चेंबर सुमारे ३ घसेंमीने लहान होऊन ते ८ च्या आसपास जातं. तेवढ्यावर ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे राहिलं तरी चढावर नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठकठक) होतं आणि गॅस्केटच्या रिंगवर त्याचे घाव बसतात. टायमिंग लाइटने तपासा; डिस्ट्रिब्युटरमधली वजनं अडकत नाहीत ना, तेही बघा. हेडची उंची मॅन्युअलच्या किमान मापाखाली गेली असेल तर ते हेड वापरू नका.

पाण्याची बाजूही स्वच्छ हवी. गाळ बहुतेक मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो. ड्रेन कॉक उघडून पाणी येत नसेल तर तारेने खोदा, कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची झाकणं) काढून धुऊन घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर पुन्हा बसवा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटर कॅप दाब धरत नसेल तर घाटमाथ्याला उकळी ठरलेलीच.

गाडी जोडल्यावर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा. पुढे शेजारचे दोन एकदम उतरले, तर गॅस्केट त्यांच्या मधूनच गेलंय.

प्रश्न : जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. त्यातले क्षार ब्लॉकच्या आत थर धरतात, उष्णता बाहेर जात नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक तृतीयांश कूलंट मिसळा आणि दोन वर्षांनी बदला. गळती थांबावी म्हणून रेडिएटरमध्ये हळद घालायची सवय आपल्याकडे आहे. बारीक नळ्या तिनेच चोंदतात. पितळी रेडिएटर असेल तर उतरवून डाग देऊन घ्या, काम पक्कं होतं.