दहावीला गुण मिळाले, मग इंग्रजी बोलता का येत नाही?

‘दहावीला इंग्रजीत ८०च्या पुढे गुण होते. व्याकरणाची पुस्तके सोडवून झाली आहेत, रोज शब्द पाठ करते. तरीही कॉलेजात एक वाक्य नीट बोलता येत नाही. हिच्यात काही कमी आहे का?’ अकरावीचे प्रवेश उरकून तासिका सुरू झाल्या की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येऊ लागतात. मूल मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून विज्ञान शाखेत गेलेले असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे या मुलाने तब्बल दहा वर्षे ही भाषा अभ्यासलेली असते आणि त्यामुळेच पालकांचा गोंधळ अधिक वाढतो. ही काळजी अगदी खरी आहे. तिचे कारण बहुतेक वेळा मुलाच्या बुद्धीत नव्हे, तर त्याच्याकडून करून घेतलेल्या सरावाच्या पद्धतीत सापडते, हे एका विद्यार्थिनीच्या उदाहरणावरून सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तालुक्याच्या गावी दहावी झालेली ही मुलगी वडिलांच्या बदलीमुळे शहरातल्या कॉलेजात आली होती. पहिल्या भेटीत आईवडीलच बोलत होते आणि ती मान खाली घालून बसली होती. शाळेविषयी मी तिला मराठीत विचारले, तेव्हा मात्र तिने वक्तृत्व स्पर्धांविषयी, पाठांतर न करता मुद्द्यांवरून भाषण कसे करायचे याविषयी इतक्या नेटकेपणाने सांगितले की, मुलगी मुळात बुजरी आहे हा आईचा समज तिथेच बाजूला ठेवावा लागला. बुजरेपणा होता तो फक्त इंग्रजीपुरता. १९८६ मध्ये भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परक्या भाषेच्या वर्गातील भीती ही स्वतंत्रपणे ओळखावी अशी गोष्ट आहे, असे मांडून ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली होती. एरवी धीट असलेले मूलही या एकाच ठिकाणी गप्प होऊ शकते, ही गोष्ट पालकांना मी नेहमी आधी सांगते, कारण ‘लाजाळू’ हा शिक्का एकदा बसला की पुढचे सगळे उपाय चुकीच्या दिशेने जातात.

मग मी तिला दोन कामे दिली. पहिले होते कंसातील क्रियापदाचे योग्य रूप भरण्याचे, आणि ते तिने जवळजवळ बिनचूक केले. दुसरे काम होते, मागचा रविवार कसा गेला ते दहा ओळींत लिहिण्याचे. त्यातील पहिले वाक्य होते, ‘ऑन संडे आय हॅड गॉन टू माय मावशीज हाउस’. पुढे ‘शी ऑल्वेज मेक पुरणपोळी फॉर मी’ आणि ‘आय ॲम नॉट नोइंग हर नेबर्स’ अशी वाक्ये होती. रिकाम्या जागांत अचूक असलेली हीच मुलगी स्वतःचे म्हणणे लिहिताना प्रत्येक वाक्यात अडखळत होती. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मी ते वडिलांना दाखवले आणि ते बराच वेळ पाहत राहिले.

या चुका वेंधळेपणाच्या नाहीत. ‘रविवारी मी मावशीकडे गेले होते’ हे निर्दोष आणि सहज मराठी आहे. साध्या भूतकाळातील गोष्ट सांगताना आपण ‘गेले होते’, ‘केले होते’ असे सर्रास म्हणतो. त्या ‘होते’च्या जागी मुले इंग्रजीत ‘हॅड’ आणतात. इंग्रजीत मात्र ‘हॅड गॉन’ हे रूप भूतकाळातील एका घटनेच्याही आधी घडलेल्या दुसऱ्या घटनेसाठी राखलेले आहे. हा नियम तिला तोंडपाठ होता. तो आपल्या रविवारला लावून पाहायचा असतो, हे तिला कोणी सुचवले नव्हते. मी तिला एकच प्रश्न स्वतःला विचारायला सांगितला : ‘कशाच्या आधी?’ ‘मावशीकडे गेले, ते कशाच्या आधी?’ याला उत्तर नसेल तर ‘वेंट’ पुरेसे आहे. ‘मी पोहोचले तेव्हा मावशी बाहेर गेली होती’ या वाक्यात उत्तर मिळते, म्हणून तिथे ‘हॅड गॉन’ शोभते. पुढच्या भेटीत ही चूक तिची तिलाच दिसू लागली होती.

‘मेक’च्या पुढचा ‘एस’ विसरण्याचे तिला फार वाईट वाटत असे, कारण वर्गात त्यावरूनच हसू झाले होते. मी तिला तिची मराठी आठवून दिली. ‘तो करतो, ती करते, तू करतेस, ते करतात’ ही सगळी रूपे ती क्षणभरही न थांबता वापरते, म्हणजे कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलण्याची जाण तिच्यात भरपूर आहे. इंग्रजीत या बदलाचा एवढासा अवशेष उरला आहे आणि म्हणूनच तो निसटतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन मुलांच्या भाषेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुलांमध्येही ‘आयएनजी’चे रूप आधी आणि हा ‘एस’ बराच नंतर स्थिरावला होता. ज्या गोष्टीला इंग्रजी घरातल्या मुलांनाही वेळ लागतो, त्या गोष्टीवरून पंधरा-सोळा वर्षांच्या मराठी मुलीने स्वतःला मंद समजावे, हे मला फार अन्यायाचे वाटते.

शब्दसंग्रहाचा प्रश्न वेगळा होता. तिच्या वहीत तीन रकाने होते : इंग्रजी शब्द, उच्चार आणि मराठी अर्थ. वर्तमानपत्रांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून उतरवलेले ‘युबिक्विटस’, ‘ग्रिगेरियस’ असे भारदस्त शब्द त्यात होते. ती वही रोज वाचत असे, आणि वाचताना सगळे ओळखीचे वाटे. मी अर्थाचा रकाना उघडा ठेवून इंग्रजी शब्द झाकले, तेव्हा पानावरील फार थोडे शब्द तिला सांगता आले. रस्त्यात भेटलेला चेहरा लगेच ओळखू येतो, पण हाक मारायची वेळ आली की नाव आठवत नाही, तसे हे होते. बोलताना आणि लिहिताना मात्र नावच लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते की पाठ केलेले सर्वांत वेगाने विसरले जाते ते सुरुवातीच्या काळात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. वही वाचताना ‘येते आहे’ असा जो दिलासा मिळतो, तो म्हणूनच फसवा असतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शब्दांची निवडच चुकली होती. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील एक परिच्छेद मी तिला वाचायला दिला आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ ओढायला सांगितले. ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘ॲक्सेलरेशन’ तिला ठाऊक होते, कारण सेमी-इंग्रजीत विज्ञान त्याच शब्दांनी शिकवलेले असते. रेघा पडल्या त्या ‘व्हेअरॲज’, ‘हेन्स’, ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘विथ रिस्पेक्ट टू’ यांच्याखाली. वाक्याचा एक भाग दुसऱ्याशी कोणत्या नात्याने जोडला आहे हे सांगणारे हे शब्द कळले नाहीत, तर संज्ञा येत असूनही विधान हाती लागत नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या इंग्रजीतील सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि २००० मध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी त्या यादीबाहेरचे, पण अनेक विषयांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणारे ५७० शब्दगट (एका मूळ शब्दाची सगळी रूपे मिळून एक गट) वेगळे काढले. अभ्यासाच्या लेखनातील सुमारे १० टक्के शब्द या गटांतले असतात. ‘ग्रिगेरियस’ शिकण्यात गैर काही नाही. पण ‘अझ्यूम’ (गृहीत धरणे), ‘व्हेरी’ (बदलणे), ‘इंडिकेट’ (दर्शवणे) यांच्या आधी त्याच्यावर वेळ घालवणे अकरावीच्या मुलाला परवडत नाही.

आता घराविषयी. ‘आम्ही तर घरात फक्त इंग्रजीच बोलायचे असा नियम केला आहे, मॅडम,’ असे वडिलांनी समाधानाने सांगितले होते. मुलीशी एकटीशी बोलताना त्या नियमाचा परिणाम कळला. रात्री जेवताना ती कॉलेजातील काहीतरी सांगू लागे, वडील पहिल्याच वाक्यात तिला थांबवून चूक दुरुस्त करत, ती वाक्य पुन्हा म्हणे, आणि तोवर जे सांगायचे होते ते राहून जाई. हळूहळू तिने जेवताना बोलणेच सोडले होते. वर्गातील काही मुलांनी तिला ‘व्हर्नी’, म्हणजे देशी भाषेच्या शाळेतली, म्हणून चिडवले होते, ही गोष्टसुद्धा तिने याच कारणाने घरी सांगितलेली नव्हती. इंग्रजी यावे म्हणून केलेल्या नियमाने मुलीचे दुःख आईवडिलांपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद केली होती.

मी तिच्या संमतीने हे वडिलांना सांगितले आणि तो नियम त्याच दिवसापासून उठवायला सांगितला. ते अस्वस्थ झाले. ‘मला स्वतःला इंग्रजी आले नाही म्हणून खात्यात मागे राहावे लागले. तिचे तसे होऊ नये एवढेच मला वाटते,’ असे ते म्हणाले. त्यांच्या या बोलण्यात मुलीविषयीची सगळी माया होती आणि त्या मायेला दुसरे काम देणे गरजेचे होते. म्हणून ठरवले ते असे, की जेवताना घरची मराठीच चालेल. इंग्रजीसाठी संध्याकाळी थोडा ठरावीक वेळ राहील, त्यात बोलत असताना कोणी थांबवायचे नाही, आणि दुरुस्ती फक्त लिहिलेल्या मजकुरात, त्या आठवड्यासाठी निवडलेल्या एकाच प्रकारच्या चुकीपुरती करायची. भूतकाळाचा आठवडा असेल तर ‘अ’ आणि ‘द’ चुकले तरी ते तसेच सोडायचे. हे शेवटचे कलम पालकांना सर्वांत जड जाते, कारण दिसलेली चूक न दाखवणे म्हणजे हयगय असे त्यांना वाटते. पण पाच प्रकारच्या लाल खुणांनी भरलेल्या पानावरून मूल एवढेच शिकते की, आपल्याला काही येत नाही.

सरावाचे स्वरूपही बदलले. रिकाम्या जागांचे पुस्तक पूर्ण बंद केले नाही, पण प्रत्येक नियमानंतर त्या नियमाची तीन वाक्ये स्वतःच्या दिवसाविषयी लिहायची, असे ठरले. शब्दांसाठी घरातील जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंची कार्डे कापली. एका बाजूला मराठी अर्थ आणि तिने स्वतः बनवलेले मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द आणि इंग्रजी वाक्य. मराठी बाजू पाहून इंग्रजी आठवायचे. आठवले तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि काही दिवसांनी पुन्हा हाती येते, न आठवले तर पहिल्या कप्प्यात परत येऊन दुसऱ्याच दिवशी समोर येते. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत चपलांच्या रिकाम्या खोक्यातही चालते. ही कार्डे लावणे आणि तपासणे वडिलांकडे दिले, आणि ते काम त्यांनी फार मनापासून केले.

बोलण्यासाठी तिला खोलीत एकटीने मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करायला सांगितले. एकच प्रसंग आधी चार मिनिटांत, मग तीन मिनिटांत आणि मग दोन मिनिटांत सांगायचा. विषय तोच असल्यामुळे दुसऱ्या वेळी काय बोलावे याचा शोध घ्यावा लागत नाही आणि सगळे लक्ष कसे बोलावे याकडे जाते. तिसऱ्या वेळी वाक्ये आपोआप सरळ होऊ लागतात. वक्तृत्वाची सवय असलेल्या या मुलीला हा सराव विशेष मानवला. भौतिकशास्त्रासाठी एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे, तो आपल्या इंग्रजीत लिहायचा आणि मूळ मजकुराशी ताडून पाहायचा, एवढेच ठेवले. ‘व्हेअरॲज’ आणि ‘हेन्स’ तिच्या उत्तरांत आले ते या सरावातून.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत तिने भौतिकशास्त्रातील कारणे द्या हे प्रश्न सोडून न देता लिहिले. बोलण्यात ‘एस’ अजूनही निसटतो. लिहिलेले पुन्हा वाचताना ती तो स्वतः घालते. ‘अ’ आणि ‘द’ यांचा गोंधळ चालूच आहे आणि तो बराच काळ राहील, कारण मराठीत त्यांच्यासारखे काही नसल्याने ते कुठे हवेत हे केवळ नियमांनी कळत नाही, भरपूर वाचनानेच अंगवळणी पडते. हे मी तिला स्पष्ट सांगितले आहे.

दोन प्रश्न पालक हमखास विचारतात. पहिला, ही अध्ययन अक्षमता तर नसेल? मूल मराठीही अडखळत वाचत असेल, मराठी शुद्धलेखनात अक्षरे उलटसुलट होत असतील आणि हे प्राथमिक शाळेपासून चालत आले असेल, तर तपासणी जरूर करून घ्यावी. मुंबईतील शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ती सोय आहे, आणि निदान झाल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात. या मुलीचे मराठी वाचन उत्तम होते, त्यामुळे ती शक्यता नव्हती. दुसरा प्रश्न स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा. क्लास लावण्याआधी एक तासिका बसून पाहावी, आणि त्या तासात मुले किती वेळ बोलली व शिकवणारे किती वेळ बोलले हे पाहावे. नियम फळ्यावर आणि मुले वहीत मान घालून, असे दिसले तर पैसे भरू नयेत. तसला सराव मुलाचा आधीच भरपूर झालेला असतो.