संथ रचना आणि गजाचा दमसास

प्रश्न : आमच्या शाळेत १६ मुलांचा तंतुवाद्यवृंद आहे. ११ ते १५ वर्षांची ही मुले तीन-चार वर्षे शिकत असून जलद, नाचऱ्या रचना हौसेने वाजवतात. मात्र संथ रचना घेतली की सूर थरथरतो आणि लय पुढे पळू लागते. बहुतेकांच्या घरी हिंदुस्थानी संगीताचे संस्कार आहेत. व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुरांचे वाद्य) एकच आहे. संमेलनासाठी एखादी संथ, भावपूर्ण रचना सुचवाल का?
– एक संगीतशिक्षिका, पुणे

उत्तर : नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांची ‘ओसेचा मृत्यू’ ही रचना मी सुचवेन. हेन्रिक इब्सेन यांच्या ‘पेअर ग्युंट’ या नाटकासाठी ग्रीग यांनी जे संगीत दिले, त्यातला हा भाग आहे. ते नाटक या संगीतासह २४ फेब्रुवारी १८७६ रोजी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, रंगमंचावर आले. हा भाग केवळ तंतुवाद्यांसाठी आहे, पन्नासहून कमी मापांचा (माप म्हणजे ‘बार’, इथे चार मात्रांचा गट) आहे आणि साडेतीन-चार मिनिटांत संपतो. मुलांना आधी प्रसंग सांगा. म्हातारी ओसे अंथरुणावर शेवटच्या घटका मोजत असते आणि तिचा उनाड मुलगा, आपण बर्फगाडीतून एका अद्भुत राजवाड्याकडे मेजवानीला निघालो आहोत, अशी बतावणी करत तिला हसवत राहतो. त्या कल्पनेतल्या प्रवासातच ती जाते. एवढे कळल्यावर ‘भाव आणा’ असे वेगळे सांगावे लागत नाही.

आता लय पळण्याविषयी. हा दोष आपण मुलांच्या उतावळेपणाच्या खात्यावर टाकतो, पण बहुतेक वेळा मूळ उजव्या हातात असते. माझ्या विद्यार्थ्यांनी हीच रचना पहिल्यांदा वाजवली तेव्हा लय दाखवणारा माझा हात संथच चालला होता, तरी पहिली रांग माझ्यापुढे निघून गेली. नंतर पाहिले तर निम्म्या मुलांचा गज तिसऱ्या मात्रेलाच टोकाशी पोहोचत होता आणि गज संपला म्हणून ती पुढचा स्वर गाठत होती. मोठ्या व्हायोलिनच्या गजाचे केस साधारण ६५ सेंटिमीटर लांब असतात. मिनिटाला ५० मात्रा धरल्या, तर चार मात्रांचे माप जवळजवळ पाच सेकंदांचे होते, म्हणजे एका गजात ते बसवायचे तर मात्रेला जेमतेम १६ सेंटिमीटर वाट्याला येतात. लहान आकाराच्या व्हायोलिनवर तेवढेही नाहीत. म्हणून गजाच्या दांडीवर रंगीत चिकटपट्टीने चार भाग पाडून द्या आणि पहिला आठवडा डाव्या हाताला सुट्टी देऊन, मोकळ्या तारेवर, एका मात्रेला एक भाग एवढेच करवून घ्या. ज्यांच्या घरी गाणे आहे त्यांना ‘हा गजाचा दमसास आहे’ असे सांगितले की पुरते. तरीही अखेरचे लांब स्वर पुरत नसतील, तर एका स्टँडवरच्या दोघांनी गज वेगवेगळ्या क्षणी फिरवावा. श्रोत्यांना सांधा ऐकू येत नाही.

रचना बी मायनरमध्ये आहे, म्हणजे तिचा षड्ज ‘बी’ (पेटीवरची पांढरी सात) हा स्वर आहे. तानपुरा पांढरी सातवर लावा आणि पहिले वाक्य त्यावर सावकाश वाजवून घ्या. तेच वाक्य पुढे पंचमावरून, म्हणजे काळी तीनवरून, येते आणि मग मूळ षड्जावर परतून वरच्या सप्तकात सर्वांत मोठ्या आवाजात उभे राहते. पहिल्या व्हायोलिनना तिसरी पोझिशन (डावा हात पट्टीवर वर सरकवून उंच स्वर घेण्याची जागा) यायलाच हवी. ती येत नसेल, तर विद्यार्थ्यांसाठी सोपे केलेले संस्करण घ्या. आपल्या मुलांना खरी अडचण उत्तरार्धात येईल. तिथे स्वर लागोपाठच्या अर्धस्वरांनी खाली घसरतात आणि कोमल-शुद्ध असे दोन्ही एकामागून एक घेणे रागसंगीतावर वाढलेल्या कानाला सहज वाटत नाही. बोट नकळत ओळखीच्या जागी जाते. हा उतार आधी गाऊन घ्या, मग वाजवा. व्हायब्रॅटोची (बोट हलवून स्वराला कंप देण्याची) घाई नको; सूर स्थिर होण्याआधी आलेले कंपन बेसूरपणा झाकते, एवढाच त्याचा उपयोग.

एकाच व्हिओलाने मधला आवाज फिका पडेल. दोन मुलांना तिसरे व्हायोलिन म्हणून तो भाग द्या. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या, ‘जी’ (G) तारेच्याही खालचे स्वर त्यांना वरच्या सप्तकात घ्यावे लागतील आणि तळ चेलोंनी सांभाळावा.

ग्रीग यांनी सगळी वाद्ये म्यूट लावून वाजवायला सांगितली आहेत. घोडीवर बसणाऱ्या या छोट्या तुकड्याने आवाज मऊ आणि दूरचा होतो, पण आपले वाद्य नीट ऐकू येईनासे झाल्याने मुले गज दाबू लागतात आणि मधल्या मोठ्या आवाजात स्वर करकरतो. म्हणून म्यूट शेवटच्या तालमीसाठी राखून ठेवू नका. सर्वांसाठी एकाच प्रकारचे रबरी म्यूट घ्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते लावूनच सराव करू द्या.