काचेत मिसळलेल्या मूलद्रव्यांपैकी युरोपियम लालच आणि टर्बियम हिरवंच का चमकतं? काच बदलली तरी रंग तोच कसा?

कारण प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन काचेपासून जवळजवळ झाकलेले असतात. युरोपियम, टर्बियम यांसारख्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आयनांमध्ये (प्रभारित अणूंमध्ये) हे काम ४एफ उपकवचातले, म्हणजे अणूतल्या एका आतल्या थरातले, इलेक्ट्रॉन करतात आणि त्यांच्याबाहेर ५एस व ५पी ही भरलेली उपकवचं भिंतीसारखी उभी असतात. त्यामुळे भोवती सिलिकेट काच असो की फॉस्फेट, ऊर्जापातळ्या फारशा हलत नाहीत. अतिनील प्रकाश टाकला की युरोपियम साधारण ६१२ नॅनोमीटरला लाल चमकतं, टर्बियम ५४५च्या आसपास हिरवं.

‘रंग तोच’ हे मात्र पूर्ण खरं नाही. वर सांगितलं ते +३ प्रभाराच्या युरोपियमबद्दल. काच वितळवताना ते +२ झालं, तर प्रकाश देण्यात ५डी ही पातळीही भाग घेते. तिला भिंतीचा आडोसा नाही, म्हणून बहुधा निळसर, रुंद पट्टा मिळतो आणि तो काचेनुसार सरकतो.

तेजाचं गणित वेगळं. काचेच्या जाळ्याची कंपनं जास्त ऊर्जेची असतील तर उत्तेजित आयनाची ऊर्जा उष्णतेत जाते. फ्लोराइड काचेची कंपनं कमी ऊर्जेची, म्हणून ती इथे सिलिकेटपेक्षा सरस. आणि जास्त आयन म्हणजे जास्त उजेड, हा हमखास होणारा गैरसमज! दाटी झाली की ते आपसातच ऊर्जा फिरवत बसतात आणि चमक घटते.

एर्बियम या आणखी एका दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचा १५५० नॅनोमीटरजवळचा प्रकाश तर डोळ्यांना दिसतही नाही, पण फायबरमधले संदेश वाढवायला तोच लागतो. सिलिका काचेत त्याची उत्तेजित अवस्था सुमारे १० मिलिसेकंद टिकते. अणूंच्या हिशेबात हे युगच झालं.