ओट्याखाली फरशी कुठपर्यंत टाकायची?

प्रश्न: किचनमध्ये कॅबिनेट आधीच फिट केलेली आहेत, ओट्याखाली डिशवॉशर आणि वॉशिंग मशीन. जुनी फरशी न काढता वरूनच टाइल नाहीतर क्लिकवालं (पट्ट्या एकमेकांत अडकवायचं) लॅमिनेट टाकायचंय. कारागीर म्हणतो पुढच्या कडेपर्यंतच टाकू, आतलं कोण बघतंय. चालेल का?

उत्तर: कॅबिनेटपुरतं त्याचं बरोबर आहे, मशीनच्या बाबतीत मात्र अजिबात ऐकू नका. टाइल 8-10 मिमी, खाली अ‍ॅडेसिव्ह 3-5 मिमी, म्हणजे फरशी सव्वा-दीड सेंटिमीटर वर येणार. फक्त पुढेच टाकली तर मशीन खड्ड्यात बसलं समजा, वरून ओटा आणि पुढून टाइलची कड, मग उद्या पंप बिघडला तर ते बाहेर काढायला एकतर टाइल फोडा नाहीतर ओटा उचला. त्यामुळे मशीनच्या जागेत मागच्या भिंतीपर्यंत एकाच लेव्हलला फरशी हवीच.

पण आधी टेप घ्या. नळ बंद करा, प्लग काढा, मशीन बाहेर ओढा आणि ओट्याच्या खालच्या कडेपासून जुन्या फरशीपर्यंत पुढे, मागे, दोन्ही बाजूंना मोजा. सगळ्यात कमी येईल तेच माप धरायचं. बहुतेक डिशवॉशरचे पाय पूर्ण आत फिरवले की उंची साधारण 82 सेंटिमीटर होते, तरी तुमच्या मशीनची स्वतः मोजा. जागा साडेशहाऐंशी असेल तर दीड वजा करून 85 उरतात, आरामात बसेल. 83 च असेल तर साडेएक्याऐंशी, म्हणजे बसणारच नाही! अशा वेळी जुनी फरशी काढा किंवा 2-3 मिमीचं चिकटवायचं व्हिनाइल (प्लास्टिकची पातळ फरशी) घ्या.

वॉशिंग मशीनखालच्या टाइलला अ‍ॅडेसिव्ह पूर्ण पसरून लावायला सांगा आणि तिथे स्वतः उभे राहून बघा. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल दाबली की मधे पोकळ राहते, आणि स्पिनच्या हादऱ्यांनी तीच आधी तडकते. बोटाने ठोकून बघितलं की आवाजावरून लगेच कळतं.

लॅमिनेट घेणार असाल तर ते कॅबिनेटखाली दाबून टाकू नका. ते खाली चिकटवलेलं नसतं, हवेतल्या ओलाव्याने थोडं पसरतं-आकसतं, म्हणून भिंतीपाशी 8-10 मिमी फट सोडतात. वर ट्रॉल्या आणि ओट्याचं वजन बसलं की ते हलू शकत नाही, मग मधे फुगतं नाहीतर सांधे उघडतात. कॅबिनेटच्या पायांपुढची स्कर्टिंगची पट्टी क्लिपवर असते, ओढली की निघते. लॅमिनेट तिच्या जरासं आत न्या, कॅबिनेटच्या पायांभोवती फट ठेवा, पट्टी खालून तेवढीच कापून परत लावा. कापलेल्या कडेला सिलिकॉन मात्र नक्की लावा, पोछ्याचं पाणी लागून पट्टी फुगते आणि हे काम नेहमी राहून जातं. मला विचाराल तर पाण्याची मशीन आहेत तिथे टाइलच बरी.

प्रश्न: व्हिनाइलवर मशीनखाली रबरी मॅट टाकली तर?

उत्तर: नको. रबरामुळे व्हिनाइलवर पिवळट-तपकिरी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. व्हिनाइलला चालेल असं लिहिलेली, रबर नसलेली मॅटच घ्या, आणि मशीन आत सरकवताना खाली प्लायचा तुकडा ठेवा, नाहीतर पायांचे ओरखडे पडतील.