वसईहून धडगावला : बदलीचं पत्र हाती आल्यावर

प्रश्न : वसईत नऊ वर्षं शाळेत शिकवते आहे. ऑगस्टच्या मध्यात अचानक बदलीचं पत्र आलं : पंधरा दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावला, मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी. तिथली पावरी बोली येत नाही. इथली माणसं आत्ताच रडायला लागलीत. सुरुवात कुठून करू? – एक सिस्टर (ख्रिस्ती धर्मभगिनी)

उत्तर : सिस्टर, तब्येतीची काही अडचण असेल तर निघण्याआधीच प्रोव्हिन्शियलना, म्हणजे तुमच्या संघाच्या प्रांतप्रमुखांना, लेखी कळवा. आज्ञापालनाच्या व्रतात एवढं बोलायला जागा आहे.

पोचल्यावर पहिल्यांदा मुलींच्या आजारपणाची यादी मागा, हिशेबाच्या वह्या नंतर. सातपुड्यात सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं, प्रमाण बरंच आहे. कुणाला आहे, कोणती गोळी रोज चालू आहे, हे पहिल्या रात्रीआधी ठाऊक हवं. अशी मुलगी पाणी कमी प्यायली किंवा भिजून गारठली, की असह्य दुखणं उठू शकतं. ताप 38.5 अंश सेल्सिअसवर गेला तर तापाच्या गोळीवर रात्र काढू नका, रुग्णालय गाठा. रात्री येतील अशा दोन जीपवाल्यांचे नंबर भिंतीवर लावून ठेवा; पावसाळ्यात घाटात दरड आली तर कोणता रस्ता चालू असतो, हे त्यांनाच ठाऊक असतं.

चार्ज तोंडी घेऊ नका. आधीच्या सिस्टर तिथं असतानाच रोकडवही हातातल्या रकमेशी जुळवा, धान्याची पोती मोजा, उधारीचा आकडा थेट दुकानदाराला विचारा. खाली दोघींच्या सह्या आणि तारीख. बँकेतल्या सह्या बदलायला संस्थेचा ठराव आणि केवायसी लागतं. त्यात दिवस जातात आणि मधे चेक अडकतात, म्हणून महिन्याचा किराणा आणि वीजबिल आधीच्या सह्यांवरच भागवून घ्या.

भाषेत बहुतेकांचं एकच चुकतं : वस्तूंची नावं पाठ होतात आणि वाक्य एकही येत नाही. रात्री पोरगी रडत उठली की नावांचा उपयोग नसतो. ‘कुठं दुखतं?’, ‘कधीपासून?’, ‘घरी कोण आहे?’ अशी रोज पाचच वाक्यं स्वयंपाकीणबाईंकडून ऐका, देवनागरीत उतरवा, त्याच दिवशी वापरा. मुली हसतील. हसू द्या, पण त्यांनी मराठीत उत्तर दिलं तरी तुम्ही पावरीतच बोला.

पालकसभा दिवाळीआधी घ्या. नंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, सही करायलाही कुणी सापडत नाही. कामाच्या ठिकाणचा फोन नंबर त्याच सभेत लिहून घ्या. होळी हा तिथला सगळ्यात मोठा सण. त्याआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या जत्रेसारख्या बाजाराला, मुली घरी जाणारच, तेव्हा त्या आठवड्यात वसतिगृहाचा कोणताही कार्यक्रम ठेवू नका.

वसईच्या माणसांना आठवड्यातली एक वेळ ठरवून द्या, रविवारी दुपारची म्हणा. मायेनं बोला, पण शाळेतली तक्रार आली तर ‘नव्या सिस्टरना सांगा’ एवढंच. तुम्ही धडगावहून सल्ला दिलात की वसईत नव्या सिस्टरांचा जम बसत नाही.