टीममधला समन्वय कसा वाढवायचा आणि बर्नआउट कसा टाळायचा?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या आयटी टीममधले दोघे सोडून गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, उरलेले एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि एचआरने सगळ्यांना लोणावळ्याला नेऊन आणलं तरी काही फरक पडला नाही. पडणार कसा? माणसं कमी झाली, काम तेवढंच राहिलं, हे तुमच्याच पहिल्या ओळीत आहे.

मी आयटीतली नाही. सरकारी रुग्णालयात सिस्टर होते, शेवटची बरीच वर्षं पुरुष मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज. पण लोणावळा वाचलं आणि राहवलं नाही. आमचाही असाच एक लोणावळा झाला होता, फक्त तो रुग्णालयाच्या हॉलमध्ये.

पावसाळ्याचे दिवस. डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो, सगळं एकदम. खाटा भरल्या की फ्लोअर बेड सुरू, म्हणजे दोन खाटांच्या मधे गादी. नाईटला अख्ख्या वॉर्डला एक सिस्टर आणि एक मावशी, तीही दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं की गायब. अशात ‘सिस्टर लोकांत भांडणं होतात, ओव्हर (म्हणजे तुमचं हॅन्डओव्हर, ड्यूटी बदलताना पुढचीला वॉर्ड सोपवणं) नीट होत नाही’ अशा तक्रारी वर गेल्या आणि वरून परिपत्रक आलं: संघभावना व ताणतणाव व्यवस्थापन कार्यशाळा, हजेरी सक्तीची. नाईट करून आलेल्या मुलींनाही बसवलं. बाहेरून आलेल्या सरांनी आमच्याकडून वर्तमानपत्राचे मनोरे करून घेतले. कोणाचा उंच झाला त्याला टाळ्या. मग म्हणाले, ताण बाहेर नसतो, तो आपल्या मनात असतो. माझ्या शेजारची स्टाफ नर्स तोंड उघडं टाकून झोपली होती. मी तिला उठवलं नाही.

मनात असतो म्हणे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात तो आजार म्हणून नाहीच. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते बर्नआउट, असं त्यात आहे. त्याची तीन लक्षणं: अंगातली ताकद संपणं, कामाबद्दल कडवटपणा येणं आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत ना, ते दुसरं लक्षण असू शकतं. त्याला स्वभावदोष समजून समुपदेशन करत बसू नका.

आता भांडणं कशावरून व्हायची ते ऐका, कारण त्या दिवशी हॉलमध्ये हे कोणीच विचारलं नाही. चादरींवरून. सरकारी वॉर्डात चादरी, कात्र्या, थर्मामीटर, बीपीचं मशीन, सगळं सिस्टरच्या नावावर. हरवलं की पगारातून वसुलीची भीती. त्यामुळे जाणारी घाईत आणि येणारी संशयात. ओव्हरची अर्धी वेळ चादरी मोजण्यात जायची आणि बारा नंबरच्या पेशंटची लघवी सकाळपासून कमी झालीय हे सांगायचं राहून जायचं. लेप्टोच्या पेशंटमध्ये ती बातमी सांगायची राहिली तर किडनी जाते, चादर नव्हे.

मी इन्चार्ज म्हणून दोन गोष्टी बदलल्या. मोजणी दिवसातून एकदाच, सकाळी, मी आणि मावशी करणार. बाकी ओव्हरला फक्त गुंगीच्या औषधांचं कपाट आणि इमर्जन्सी ट्रे बघायचा. आणि ओव्हर टेबलावर वही पुढे सरकवून नाही, प्रत्येक खाटेपाशी उभं राहून द्यायचं. आता काय आहे, मागे काय झालं, मला काय वाटतं, तू पुढे काय कर, एवढंच. नव्या मुली याला एसबीएआर म्हणतात, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलेली पद्धत आहे. आम्ही नावाशिवाय करत होतो. तुमच्या केटीच्या, म्हणजे काम समजावून सोपवायच्या नोट्सच्या, शंभर पानांपेक्षा ही चार वाक्यं करून बघा, विशेषतः तिसरं. ‘मला काय वाटतं’ हे ज्युनिअरला बोलू दिलं की टीम आपोआप बोलायला लागते.

यावर आमच्या असिस्टंट मेट्रन बाई म्हणाल्या, जबाबदारी वाटून दिली की ती कोणाचीच राहत नाही, तुम्ही मुलींना लाडावून ठेवलंय. मी म्हटलं, मॅडम, चादरीची जबाबदारी वाटतेय, पेशंटची नाही. त्यांनी ते फाइलवर लिहून मागितलं. मी दिलं. चादरी हरवायच्या त्या पूर्वीइतक्याच हरवत राहिल्या, पण ओव्हरला आवाज चढणं थांबलं. हे मॅडमनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. निवृत्तीच्या समारंभातही ‘शिस्तीच्या बाबतीत थोड्या सैल’ असंच म्हणाल्या माझ्याबद्दल, हार घालता घालता.

दुसरं भांडण ड्यूटी लिस्टचं. महिन्याची लिस्ट आधी लागली पाहिजे आणि लागल्यावर विचारल्याशिवाय बदलायची नाही. ऑफच्या दिवशी ‘जरा ये ना’ असा फोन करणारी इन्चार्ज कितीही गोड बोलली तरी ती तिच्या मुलींची झोप चोरत असते. माझी भाची पुण्यात खराडीला आयटीत आहे, दिवसभर काम करून रात्री नऊला अमेरिकेचा कॉल. तिची लिस्टच नाही, कारण तिची ड्यूटी संपतच नाही. तुमच्याकडे असं असेल तर आधी ते थांबवा, मग मनोरे बांधा.

आणि मुळातलं. कुठे किती माणसं लागतात ते ठरवणाऱ्या केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषात जनरल वॉर्डला सहा खाटांमागे एक नर्स आहे आणि त्यावर रजेसाठी राखीव जागा. म्हणजे माणूस आजारी पडणार, बाळंतपण येणार, गावाला जाणार, हे हिशेबात आधीच धरलंय. कागदावर. प्रत्यक्षात जागा रिकाम्या, म्हणून एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्यूटी, आणि मग रजा घेणारी वैरीण. याला टीमवर्कचा अभाव म्हणून कार्यशाळा घेणारे लोक मला आजही डोक्यात जातात.

आता हेही सांगते. प्रत्येक वेळी माणसं कमी हेच कारण नसतं. आमच्याकडेही एक होती, पुरेसा स्टाफ असताना नाईटला पाठ टेकायची आणि सलाईन संपल्याचं नातेवाइकांनी सांगायचं. तिला पद्धत बदलून काही झालं नाही, मेमोच द्यावा लागला. शिवाय टीम लीड नव्या जागा मंजूर करू शकत नाही, मीही करू शकत नव्हते. पण काम कमी करून मागणं, तेही लेखी, हे करता येतं. आणि कोणाची झोपच उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तिथे माझं ओव्हर-पुराण चालणार नाही. डॉक्टरकडे पाठवा, किंवा सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे.

बाकी तुमच्या टीममध्ये माणूस रजेवर गेला की त्याचं काम कोण करतं, हे प्रश्नात कुठेच नाही. ते कमेंटमध्ये लिहा, मग पुढचं सांगते.